हळू चालव, पण का?

गेल्या डिसेंबरात भाच्यानं माझ्या टेबलावर एक इंजिन ठेवलं. नवं कोरं, खोक्यातून काढलेलं, तळहातावर मावेल एवढं. साडेतीन सीसी. पिस्टन बोटाच्या पेराएवढा. चाकणला नोकरी करणारा हा गडी सुट्टीत वसमतला येताना बायकोसाठी साडी आणायचं विसरला, पण रिमोटची गाडी विसरला नाही. आठास एक मापाची, साडेतीन-चार किलोची गाडी. जुन्या इंजिनातलं कॉम्प्रेशन गेलं होतं, ते गरम झालं की बंद पडायचं. "मामा, नवं बसवू आणि रनिंग करून देऊ," म्हणाला.

मला काय, टू-स्ट्रोक दिसलं की हात शिवशिवतात. तीस वर्षं हेच केलंय. राजदूत, लुना, आरएक्स हंड्रेड, झालंच तर यज्दी. आता दुचाकीतलं टू-स्ट्रोक गेलं. माझं पोट पाठीवरच्या पेट्रोल फवाऱ्यांवर आणि हळदीच्या हंगामात येणाऱ्या इंजिनांवर चालतं. गिऱ्हाईक नवं मशीन घेऊन आलं की माझं वाक्य ठरलेलं: "पहिल्या दोन-चार टाक्या हळू चालव. तापू देऊ नको." हजार जणांना तरी सांगितलं असेल. या वाक्यात मी अर्धा चुकीचा होतो आणि ते कळायला साडेतीन सीसीचं खेळणं लागलं. त्याची गोष्ट सांगायला हा लेख आहे, पण गोष्टीपुरता नाही. माझी एक तक्रार आहे, ती पुढं येईल.

बसवण्याचं काम तसं सरळ. जुनं इंजिन काढलं, चॅसी रॉकेलनं धुतली. फ्लायव्हील पितळेच्या शंकूवर बसवून नट आवळला, क्लचचे बूट बदलले, क्लच बेलचं बेअरिंग फिरवून पाहिलं. चार स्क्रूंना लॉकटाइटचा थेंब लावला, कारण हे इंजिन मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेतं आणि एवढ्या थरथरीत साधा स्क्रू टिकत नाही. दात्यात दाता बसवताना भाच्यानं वहीच्या कागदाची पट्टी मध्ये घातली, दाबून इंजिन आवळलं, पट्टी फिरवून काढली. तेवढी फट बरोबर. घट्ट बसले तर दाते खातात, ढिले राहिले तर सोलून निघतात. ही युक्ती मला आवडली, कारण तिला हत्यार लागत नाही. सायलेन्सरमधून एक बारकी नळी टाकीत जाते, धुराच्या दाबानं इंधन ढकलायला. एअर फिल्टरच्या स्पंजला तेल चोळायचं असतं, नाहीतर आमच्या काळ्या मातीची धूळ एका दुपारी पिस्टन खाऊन टाकेल.

इंधन वेगळं, नाव नायट्रो. लोकांना नायट्रो म्हटलं की सिनेमातल्या गाडीची निळी आग आठवते. तसं नाही. यात पेट्रोल नाहीच. मुख्य भाग मिथेनॉल, त्यात पाव हिस्सा किंवा त्याहून कमी नायट्रोमिथेन आणि दहा-बारा टक्के तेल. त्या तेलात एरंडेल असतं. झाकण उघडल्याबरोबर मला माझी आजी आठवली. रविवारी सकाळी नाक दाबून पाजायची तेच हे. इतर तेलं जिथं जळून जातात तिथं एरंडेलाचा थर धरून राहतो. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडलंय. स्पार्कही नाही. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावून ती लाल करायची आणि इंजिन लागलं की बॅटरी काढून घ्यायची. मग मिथेनॉलच तिला तापती ठेवतं, चुलीतला निखारा पुढच्या काटकीनं जिवंत राहतो तसं.

मिथेनॉलबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नंतर राहून जाईल. हे विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच्याच दारूनं. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. भाच्यानं डबा स्वतःच्या गाडीत आणला आणि मी तो कुलपात ठेवला. घरात लहान पोर असेल आणि डब्यावर दारूसारखं काही लिहिलेलं असेल, तर हा छंद करू नका.

आता माझी चूक. थंडीची सकाळ, स्वेटर घातलेला. हळद वाळवायचं पटांगण डिसेंबरात रिकामंच असतं, तिथं स्टँडवर गाडी ठेवली. दोरी ओढायला गेलो तर पिस्टन वर जाऊन अडकला. परत ओढली, परत अडकला. दोरी तुटायची वेळ आली.

"मामा, जोर लावू नका. वर टाइट असतंय हे."

"अरे, बोअरच चुकलाय याचा. कंपनीला परत दे."

मी पान्यानं फ्लायव्हील धरून फिरवलं. कर्र असा आवाज आला. भाच्यानं डोळे मिटले. शेवटी लागलं एकदाचं, निळ्या धुराचा लोट उठला. मी माझा कायदा काढला: इंधन भरपूर सोड, हवा कमी ठेव, रेस देऊ नको, एक अख्खी टाकी जागेवर फटफटू दे, थंड थंड चालू दे. इंजिनाच्या डोक्यावर बोट ठेवलं तर चटकाही बसत नव्हता. मी खूश. इंजिन मात्र दर मिनिटाला गचके देऊन बंद पडायचं आणि प्लग दोनदा भिजून मेला. दुसऱ्या प्लगची किंमत ऐकून मी चहाला गेलो.

परत आलो तर भाचा खोक्यातला कागद वाचत होता. इंग्रजी. त्यानं मला बसवून समजावलं आणि मी तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या वाक्याचं कारण ऐकलं.

राजदूतचा ब्लॉक बीडाचा. बीड म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बीडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणजे इंजिन जेवढं तापेल तेवढी पिस्टन आणि ब्लॉकमधली फट कमी होणार. नव्या इंजिनात ती आधीच बारीक, इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची. होनिंगच्या रेघा अजून टोकदार, रिंगेची कड अजून ब्लॉकला ओळखत नाही. अशात कोणी जोरात पळवली की पिस्टन फुगतो, धरतो, चाक जागीच थांबतं आणि गडी रस्त्यावर. म्हणून हळू. म्हणून नव्या गाडीच्या पुस्तकात पहिल्या काहीशे किलोमीटरला वेगाची मर्यादा छापलेली असायची.

या खेळण्यात सगळं उलटं. ब्लॉकच्या आतली स्लीव्ह पितळेची, आतून क्रोमचा मुलामा. पिस्टन ॲल्युमिनियमचाच, पण त्यात सिलिकॉन इतकं मिसळलेलं की तो कमी पसरतो. पितळ त्याच्याहून जरा जास्त. रिंग नाहीच. स्लीव्ह वर निमुळती होत जाते, त्यामुळं थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला अडकतो. तो दोष नाही, माप तसंच ठेवलेलं असतं. तापलं की स्लीव्ह मोकळी होते आणि तेव्हाच फट बरोबर येते. म्हणजे माझ्या कायद्यानं थंड थंड चालवलं, तर प्रत्येक फेऱ्याला पिस्टन त्या अरुंद जागेत ठोकला जाणार. सेकंदाला शेकड्यानं वेळा. मार बसणार कनेक्टिंग रॉडला आणि त्यातल्या पिनला. मी इंजिन सांभाळत नव्हतो, त्याचं हाड मोडत होतो.

राजकोटच्या जुन्या ऑइल इंजिनाला मिनिटाला साडेसहाशे फेरे. विहिरीवर त्याचा ठोका मोजता यायचा. बाप शेतात बसून ठोक्यावरून सांगायचा की पाणी कमी झालंय. हे साडेतीन सीसीचं कार्टं तेवढे फेरे दीड सेकंदात घेतं. दोघांना एकच नियम लावणारा मी. विचार केला की लाज वाटते, मग हसू येतं.

त्यानंतर रीतसर केलं. पोरीचा केस वाळवायचा ड्रायर आणला (न विचारता) आणि चालू करायच्या आधी डोकं तापवलं. पिस्टन लोण्यासारखा फिरला, दोरी दुसऱ्या ओढीत लागली. थंडी जास्त म्हणून इंजिनाच्या डोक्याला पोळी गुंडाळायच्या चंदेरी कागदाची टोपी घातली. इंधन थोडं जास्तच ठेवलं, कारण इंधनाबरोबर तेल जातं, पण तापमान नव्वद-शंभर अंशांवर येऊ दिलं. मोजायला घरातली कोरोनातली बंदूक आणली, तर ती ताप पाहायची. बेचाळीसच्या वर गेलं की तिचं डोकं फिरतं. मग आपली जुनी पद्धत, डोक्यावर पाण्याचा थेंब. लगेच चर्र होऊन उडाला तर जास्त तापलं, तीन-चार सेकंद घेतले तर ठीक. भाच्याची खरी बंदूक नंतर त्याच्या बॅगेच्या तळाशी सापडली आणि थेंबाचं उत्तर तिच्याशी बऱ्यापैकी जुळलं. हे मी इथं मुद्दाम लिहितोय.

मग जागेवर फटफट नाही, पटांगणात गोल फेरे. अर्धी रेस, मध्येच एक छोटा झटका, परत सोडायची. टाकी संपायच्या आत बंद करून पूर्ण थंड करायचं, आणि थंड होताना पिस्टन खाली पाहिजे. वर राहिला तर आकसणारी स्लीव्ह त्याला आवळते आणि वरचा घट्टपणा वाया जातो. खाली कुठं आहे हे कळायला फ्लायव्हीलवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. (नेलपॉलिशही पोरीचीच. त्यावर घरात जे झालं ते वेगळ्या लेखाचा विषय आहे.) प्रत्येक टाकीनंतर इंधनाचा स्क्रू घड्याळाच्या साडेसात मिनिटांएवढा आवळायचा, म्हणजे फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. पाचव्या टाकीला धूर पातळ झाला, आवाज फटफटीवरून शिट्टीवर आला आणि गाडी पटांगणाच्या या टोकाहून त्या टोकाला गेली ती मला दिसलीच नाही, नुसती धूळ दिसली. संध्याकाळी उरलेलं इंधन जाळून संपवलं आणि आत तेलाचे चार थेंब सोडले. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, तसंच ठेवलं तर बेअरिंगला गंज.

आता तक्रार.

त्या डिसेंबराच्या आधीच्या जुलैत माझ्याकडं एक शेतकरी आला होता. सोयाबीनवर अळी, आभाळ भरून आलेलं, पाठीवर नवा पंप. आदल्या दिवशी घेतलेला, पहिल्याच टाकीत जाम. मी उघडला. आत ऑइलचा थेंब नाही. "पेट्रोलमध्ये ऑइल टाकलं नाहीस का?" म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "टाकलं की. लिटरला चाळीस मिली, मापानं. भावाच्या पंपाला तसंच टाकतो." खरं बोलत होता. फक्त भावाचा पंप टू-स्ट्रोक होता आणि याचा फोर-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमध्ये नाही, वेगळं खालच्या कप्प्यात भरावं लागतं, आणि नवं इंजिन खोक्यातून बहुतेक वेळा त्या कप्प्यात काहीही न भरता येतं. दुकानातून कोणी सांगितलं नाही. खोक्यात कागद होता, तो इंग्रजीत आणि चिनीत.

त्या दिवशी मी त्याला निष्काळजी म्हणालो होतो. डिसेंबरात पटांगणात पान्यानं फ्लायव्हील फिरवताना मला त्याचं तोंड आठवलं. त्यानं नियम तंतोतंत पाळला होता. मीही पाळला होता. आमच्या दोघांकडं नियम होता, कारण नव्हतं.

आज बाजारात बाहेरून सारखे दिसणारे तीन तऱ्हेचे पंप आहेत. एकाला लिटरला चाळीस मिली, एकाला वीस मिली, एकाला पेट्रोलमध्ये काहीच नाही. त्याशिवाय पॉवर विडर, कडबाकुट्टीचं इंजिन, गवत कापायचं यंत्र. महाडीबीटीवर अर्ज करून, नंबर लागून, अनुदानाची वाट बघून माणूस यंत्र घेतो. अर्जाला कागदपत्रं लागतात, कोटेशन लागतं, यंत्रासोबतचा फोटो लागतो. यंत्र पहिल्या तासात कसं चालवायचं हे कोणी दाखवलं का, असा रकाना मी कुठल्या अर्जावर पाहिला नाही. मला वाटतं तो असावा. यंत्र विकणाऱ्यानं पहिली टाकी आपल्या दुकानासमोर, गिऱ्हाइकाच्या हातानं चालवून घ्यावी, आणि त्याशिवाय अनुदानाचं बिल पुढं सरकू नये. सोबत मराठीत अर्धं पान द्यावं. अर्ध्या पानात नियमाबरोबर कारण लिहिलेलं पाहिजे. नुसता नियम दिला तर तो पुढच्या मशीनला चुकीचा लागू होतो, याचे दोन साक्षीदार वर दिलेच आहेत.

दुकानदार म्हणतात, हंगामात वेळ कुठं आहे. खरंय. जुलैत त्यांच्या काउंटरवर चहा प्यायला उसंत नसते. पण पहिल्या टाकीला तासाच्या आतबाहेर लागतं आणि जाम झालेला पंप परत आला की त्यांचेच दोन दिवस जातात, वर वॉरंटीचं भांडण. काही जण म्हणतात, आता सगळं बॅटरीवर येतंय, तुमची इंजिनं चार वर्षांत भंगारात जातील. जातीलही. भाच्याच्या छंदातही बॅटरीच्या गाड्यांनी नायट्रोला कोपऱ्यात ढकललंय, तो स्वतः कबूल करतो. पण आमच्याकडं छातीएवढ्या हळदीत पान मागून पुढून भिजवायला अजून इंजिनाचाच जोर लोक मागतात, आणि या वर्षी घेतलेल्या इंजिनाला याच वर्षी चालायचंय.

गंमत अशी की इथून जवळच, औंढ्याच्या बाजूला दुधाळ्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहतेय. केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्या प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनही कमी फरक मोजणार म्हणे. मला त्याचा अभिमान आहे. दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना मी नागनाथानंतर तेच सांगतो. त्याच जिल्ह्यात इंचाच्या हजाराव्या भागाची फट का ठेवतात हे पंप घेणाऱ्याला सांगायला माणूस नाही. आयटीआयच्या पोरांपुढं असं एक साडेतीन सीसीचं आणि एक राजदूतचं इंजिन शेजारी शेजारी उघडून ठेवावं, असं मला फार वाटतं. एकाला थंड असताना हात लावून बघा, एकाला गरम असताना. दोन्ही धातू कसे पसरतात हे फळ्यावर शिकलेलं पोरगं विसरतं. पिस्टन वर अडकताना ज्यानं हातानं पाहिलाय ते विसरत नाही. आणि खेळणं म्हणून जो छंद आपण हसण्यावारी नेतो, त्यात पोरं कागद वाचून, तापमान मोजून, आठव्या भागानं स्क्रू फिरवून काम करतात. माझ्या गॅरेजात तेवढी शिस्त नव्हती.

सरकारी रकाना येईल तेव्हा येईल. मी माझ्यापुरतं अर्धं पान लिहून काढलं. तुमचा पंप कुठल्या जातीचा हे कसं ओळखायचं, ऑइल कुठं आणि किती, पहिली टाकी कशी, आणि प्रत्येकाखाली एक ओळ, असं का. टाकीच्या बाजूला चिकटवता येईल एवढ्या मापात शंभर प्रती काढायला डीटीपीवाल्याकडं गेलो. पोरानं स्क्रीनवर मांडून बघितलं, मान हलवली.

"मामा, बसंना. हे 'का'वालं काढलं तर एका बाजूत बसतंय."

"दोन्ही बाजूनं छाप," म्हणालो.

"मग मागची बाजू टाकीला चिकटणार. वाचणार कोण?"

ते बरोबर होतं. शेवटी चिकटवायचं रद्द केलं, भोक पाडून दोरीनं टाकीच्या झाकणाला बांधायचं ठरलं. लॅमिनेशनचे वेगळे पैसे लागले, कारण पेट्रोलनं शाई पुसते.